नसलेल्या शुक्रवारची परीक्षा

फिलेमोनी सर अभ्यासक्रमाची रूपरेषा वाचून दाखवत नसत, गाऊन दाखवत.

फेब्रुवारीतला पहिला शुक्रवार. अपियाजवळच्या समुद्राकाठच्या कॉलेजच्या सभागृहात अकरा शिक्षक विद्यार्थी होऊन चटयांवर मांडी घालून बसलेले, आणि पुढे पांढरा सदरा, कमरेला गुंडाळलेला काळा लावालावा, हातात काठी, असे चौसष्ट वर्षांचे फिलेमोनी सर उभे. गावच्या सरदारांच्या बैठकीत बोलायचा मान पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घराण्याकडे. आवाज असा की सभागृहाला भिंती नाहीत, नुसते खांब आणि छप्पर आहे, हे बरंच झालं असं वाटावं. त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली, "आठवडा पहिला, रूपरेषा म्हणजे काय." शेवटचा स्वर त्यांनी इतका लांबवला की मागे बसलेल्या मातालेनाच्या गळ्यातून आपसूक खालचा सूर निघाला. तिचाही इलाज नव्हता. गावच्या प्रार्थनामंदिरात ती तीस वर्षं खालच्या पट्टीत गात आली होती. कुणी सूर लावला की त्याला खालून हात द्यायचा, एवढंच त्या गळ्याला ठाऊक.

सरांनी एक डोळा उघडून बघितलं, पण थांबवलं नाही. आठवडा पाचवा येईतो चौघं जण मिसळले. "आठवडा बारावा, उत्तम शुक्रवार, मौन," इथे सगळे खरोखरच गप्प बसले आणि समुद्राचा आवाज तेवढा आला. पुढे विसाव्या आठवड्यापासून तर चार पट्ट्या लागल्या, आणि "आठवडा अठ्ठेचाळिसावा, अंतिम परीक्षा, शुक्रवार, तीस डिसेंबर, दुपारी तीन, कॉलेजच्या सभागृहात, गुण चाळीस," हे शेवटचं कडवं असं काही चढलं की रस्त्यावरून जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने गाडी उभी केली आणि टोपी काढली.

मातालेनाचे डोळे भरून आले. अठ्ठेचाळीस वर्षांच्या आयुष्यात पुढे काय वाढून ठेवलंय हे तिला आजवर कुणीच आधी सांगितलं नव्हतं. देवानेसुद्धा नाही. इथे एक माणूस वर्षभराचं सगळं एका कागदावर मांडून, वर चालीत म्हणून दाखवत होता.

"सर," शेजारचा पेनी म्हणाला. पेनी खेळाचा शिक्षक, वय सव्वीस, तोंडाला कुलूप नाही. "अभ्यासक्रमाचं नाव 'अभ्यासक्रमाची रूपरेषा: अर्थ आणि उपयोग'. म्हणजे आपण रूपरेषेच्या अभ्यासक्रमाची रूपरेषा ऐकली ना आत्ता?"

"हो."

"मग ती का ऐकायची, हे कधी कळणार?"

"आठवडा तिसरा," सर म्हणाले. "घाई करू नकोस."

मातालेनाला मात्र घाई होती. गावच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला ती बावीस वर्षं शिकवत होती, पण प्रमाणपत्राशिवाय. शाळेला माणूस हवं होतं, ती रिकामी होती, उभी राहिली, ती उभीच राहिली. आता शिक्षण खात्याचं पत्र आलं होतं. पुढच्या वर्षी शाळा उघडतील तेव्हा प्रमाणपत्र नसलेल्या कुणालाही वर्गावर उभं राहता येणार नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कागद पोचला तर पहिलीचा वर्ग तिचा, नाहीतर शहरातून दुसरी बाई येणार. बाकीचे सगळे विषय तिने गेल्या दोन वर्षांत पुरे केले होते. राहिला होता हा एकच.

रूपरेषा गाऊन झाल्यावर रिवाजाप्रमाणे ती सुबक विणलेल्या चटईवर ठेवली गेली. प्राचार्य इओसेफो पाळकांनी करवंटी उचलून आवा, म्हणजे मुळी कुटून केलेलं बैठकीचं पेय, प्यायला, मग सरांनी, मग एकेका विद्यार्थ्याने, आणि टाळी वाजवून गोष्ट पक्की झाली. एकदा आवा पिऊन पक्की झालेली गोष्ट कुणी मोडत नाही. त्यातून रूपरेषेतच चौथं कलम होतं: दुसऱ्या आठवड्यानंतर यात काना-मात्रेचाही बदल होणार नाही. आणि नववं कलम: अंतिम परीक्षेला त्या दिवशी, त्या वेळी, त्या जागी जो हजर नसेल त्याला शून्य.

सर बोलल्याप्रमाणे वागणारे. मोठ्या वादळाच्या वर्षी सभागृहाचं छप्पर, फळा आणि दोन डुकरं एकदमच उडून गेली होती. त्या आठवड्याला रूपरेषेत होतं 'फळ्याचा वापर'. सरांनी भर पावसात, नसलेल्या फळ्यावर, नसलेल्या खडूने तीन तास वापर शिकवला. तेव्हाचे विद्यार्थी अजून सांगतात की इतकं स्वच्छ अक्षर त्यांनी पुन्हा बघितलं नाही.

मे महिन्यात, आठवडा चौदावा चालू असताना, रेडिओवर बातमी आली. आपला देश दिवस बदलायच्या रेघेच्या पूर्वेला आहे, तो पश्चिमेला जाणार. ज्यांच्याशी आपला व्यापार, ज्यांच्याकडे आपली पोरं कामाला, त्या सिडनी-ऑकलंडकडे सोमवार असतो तेव्हा आपण रविवारच्या प्रार्थनेत बसलेले असतो. ते आता जुळवून घ्यायचं. त्यासाठी वर्षाच्या शेवटी एक उडी. गुरुवारी, एकोणतीस डिसेंबरला झोपायचं आणि उठायचं ते शनिवारी, एकतीस डिसेंबरला. मधला शुक्रवार होणारच नाही.

लोकांनी ऐकलं, हसले, तीस तारखेला वाढदिवस असणाऱ्यांची थोडी थट्टा झाली, आणि जो तो कामाला लागला. मातालेना मात्र कपडे वाळत घालत होती ती तशीच ओला लावालावा हातात धरून उभी राहिली. मनातल्या मनात तिने शेवटचं कडवं म्हणून बघितलं. मग बोटांवर मोजलं. मग पुन्हा म्हणून बघितलं.

बैठक बसली ती सभागृहातच. पाळक, फिलेमोनी सर, हजेरीपट सांभाळणाऱ्या आकेनेसेबाई, आणि विद्यार्थ्यांतर्फे मातालेना व पेनी.

"साधी गोष्ट आहे," पाळक म्हणाले. "परीक्षा गुरुवारी घेऊ."

"रूपरेषेत शुक्रवार आहे," सर म्हणाले.

"पण शुक्रवार नाहीये, फिलेमोनी. सरकारने काढून टाकलाय."

"सरकार आपल्याबरोबर आवा प्यायला बसलं नव्हतं."

आकेनेसेबाईंनी हजेरीपट उघडला. त्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच रेघा मारून ठेवल्या होत्या, आणि तीस डिसेंबरचा रकाना तिथे बसला होता, बिचारा. "मला एवढंच सांगा, यात काय भरू? कोरा ठेवता येत नाही. हजर नाहीतर गैरहजर."

"जो दिवस झालाच नाही त्या दिवशी कोण हजर असेल?" पाळक म्हणाले.

"मग अकराच्या अकरा गैरहजर. नववं कलम. शून्य."

"आणि सर?" पेनीने विचारलं. "सरपण गैरहजरच की."

सर ताठ झाले. "मी गैरहजर राहणार नाही."

"कसे राहाल हजर?"

"ते मला ठाऊक नाही. पण माझं नाव तिथे लिहिलंय. मी असेन."

पाळकांनी लहानशी प्रार्थना केली. ती झाल्यावरही काही सुचलं नाही. मग त्यांनी कपाळ पुसत विचारलं, "अरे पण तू समजून का घेत नाहीस? ही बाई बावीस वर्षं पोरं सांभाळतेय. एका तारखेपायी तिला घरी बसवणार का?"

सरांनी मातालेनाकडे बघितलं. नजर कठोर नव्हती, उलट त्यांचेच डोळे ओले झाले होते. "पाळकसाहेब, तीस वर्षं मी पोरांना एकच गोष्ट शिकवली. शिक्षकाने आधी सांगितलेलं नंतर फिरवायचं नाही. आज बाईंसाठी फिरवलं, उद्या कुणाच्या तरी आत्येभावासाठी फिरवीन. मग त्या कागदात काय उरलं?"

मातालेनाला राग यायला हवा होता, पण तिला ते पटत होतं. ती हळूच म्हणाली, "सर, माझी बहीण पागो पागोला दिलीय."

"देव तिचं भलं करो. पण तिचा इथे काय संबंध?"

"काल फोनवर मला हसत होती. म्हणाली, तुमचा शुक्रवार पळवला ना कुणी? आमचा आहे जागेवर. पलीकडच्या बेटांवर अमेरिकेचं राज्य. ते उडी मारत नाहीयेत. आपल्याकडे शनिवार असेल तेव्हा तिकडे शुक्रवार. तीस डिसेंबर." ती थांबली. "बोट सकाळी सहाला सुटली तर सात तास लागतात. शिवाय तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास मागे."

सरांच्या चेहऱ्यावर असा उजेड पसरला की जणू पुनरुत्थानाची वार्ता घेऊन बाया थडग्याकडून धावत आल्या आहेत.

"दिवस आहे," ते पुटपुटले. "अंमळ बाजूला आहे, एवढंच." आणि लगेच चेहरा पडला. "जागा. 'कॉलेजच्या सभागृहात' असं लिहिलंय."

"आता सभागृह बोटीत घालायचं का?" पाळकांचा संयम सुटत चालला होता.

"सभागृह म्हणजे नेमकं काय, ते ठरवलं पाहिजे."

मग तासभर ते ठरत होतं. छप्पर म्हणावं, तर ते वादळात गेलं होतं आणि तेव्हाही सगळे याला सभागृहच म्हणत होते. खांब म्हणावेत, तर वीसपैकी सतरा वाळवीमुळे बदललेले. फरशी गेल्या वर्षीची. "चटया," आकेनेसेबाई अचानक म्हणाल्या. "चटया कॉलेज उघडलं तेव्हापासूनच्या आहेत. पहिल्या पाळकबाईंनी गावातल्या बायकांना घेऊन विणल्या. दरवर्षी ऊन देतो, ठिगळ लावतो, पण त्याच आहेत." सरांनी खाली वाकून आपण बसलो होतो त्या चटईवर तळहात ठेवला, आणि थोड्या वेळाने होकाराची मान हलवली.

अशा रीतीने एकतीस डिसेंबरला, शनिवारी, फटफटायच्या वेळी कॉलेजचं सभागृह गुंडाळी करून, काथ्याने बांधून, पेनीच्या आणि आणखी एकाच्या खांद्यावरून बोटीवर चढलं, आणि मागोमाग हजेरीपट घेऊन आकेनेसेबाई. धक्क्यावर निरोपाला आलेली माणसं विचारत होती की कुणाचं लग्न आहे का. प्रत्येकाच्या घरून नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं आणि भाजलेले निरफणस बरोबर आले होते, त्यामुळे नाही म्हटलं तरी कुणाला पटत नव्हतं.

"कालचा दिवस कसा गेला सर?" पेनीने बोट सुटल्यावर विचारलं.

"कुठला काल?"

"तेच म्हणतोय."

सरांनी कठडा धरला. त्यांना बोट लागत होती. आग्नेयेचा वारा समोरून येत होता आणि बोट वर चढून जराशी विचारात पडल्यासारखी थांबायची नि मग खाली जायची. मातालेना प्रश्नपत्रिकेचं लाखबंद पाकीट असलेली सरांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, कारण ती धरायचीही ताकद त्यांच्यात नव्हती. ती मधूनमधून त्यांना शहाळ्याचं पाणी पाजत होती. नऊ वाजले, बारा वाजले. दूरवर डोंगराची निळी कड दिसायला लागली आणि तेवढीच दिसत राहिली. तिने आकेनेसेबाईंनी दिलेल्या मनगटी घड्याळात पागो पागोची वेळ लावून ठेवली होती. अडीच झाले तेव्हा ती उठली आणि कप्तानाकडे गेली.

कप्तान तानिएलू सुकाणूपाशी उभा राहून निरफणस खात होता.

"कधी पोचू?"

"तिथले पाच वाजतील, ताई. वारा बघा ना."

"आमची परीक्षा तीनला आहे. तिथल्या तीनला."

"मग झाली म्हणायची."

"बोटीवर घेतली तर? इथे आत्ता वार कुठला आहे?"

तानिएलूने मागच्या भिंतीकडे हनुवटी केली. तिथे रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं. ३१, शनिवार. "बोटीवर माझा वार चालतो. अपियाहून निघालो, अपियाचा वार. पलीकडच्या बंदराच्या तोंडाशी गेलो की बदलतो."

"आणि रेघ कुठे आहे?"

"रेघ?" त्याने खिडकीतून पाण्याकडे बघितलं, जणू आजवर लक्षच गेलं नव्हतं. "इतक्या वर्षांत मला तरी दिसली नाही. असेल कुठेतरी."

"मग बंदराच्या तोंडाशीच का बदलतोस? इथे बदल."

"असं कसं?"

मातालेना त्याच्याकडे निरखून बघत होती. "तू सालुआफाता गावच्या मेलेआजींचा नातू ना? कान त्यांचेच आहेत. तुझी आजी आणि माझी आई एका गीतमंडळात होत्या. वरच्या पट्टीत माझ्या आईशिवाय तिला उभं राहता येत नसे."

तानिएलूचा हात तोंडाशी थांबला. नातं निघालं की आमच्याकडे माणसाचं काही चालत नाही. त्याने उसासा टाकला, सुकाणू दुसऱ्याच्या हाती दिलं, आणि वाकून कचऱ्याच्या बादलीत हात घातला. न वापरताच फाडून टाकलेलं पान चुरगळून तळाशी पडलं होतं. ते त्याने मांडीवर घासून सरळ केलं, त्यावरचं माशाचं खवलं नखाने काढलं, आणि चिकटपट्टीने एकतीसवर चिकटवलं. ३०, शुक्रवार.

"आजीला कळलं तर मला मारेल," तो म्हणाला. "पण नाही बदललं हे कळलं तर जास्त मारेल."

डेकवर चटया अंथरल्या गेल्या. सरांना दोघांनी धरून उभं केलं. पाकीट फोडताना त्यांचा आवाज क्षीण होता, पण रीत त्यांनी सोडली नाही. वेळ सांगितली, नियम सांगितले, कॉपी करू नये म्हणून सांगितलं, आणि मग कठड्यावरून वाकून थोडा वेळ समुद्राकडे तोंड करून राहिले. प्रश्न एकच होता. 'अभ्यासक्रमाच्या रूपरेषेचा अर्थ आणि उपयोग सांगा. गुण चाळीस.'

मातालेनाने गुडघ्याखाली कागद दाबून धरला. वर्षभर पाठ केलेले उद्देश, निष्पत्ती, मूल्यमापनाचे सहा टप्पे, सगळं डोक्यात एकमेकांवर आपटत होतं. एक लाट आली आणि टप्पे वाहून गेले. मग तिने जे उरलं ते लिहिलं.

'माझ्या वर्गात आने नावाची मुलगी होती. तिची आई कामासाठी न्यूझीलंडला गेली तेव्हा तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं. ती सकाळी उठली आणि आई नव्हती. तेव्हापासून आने वर्गात दर थोड्या वेळाने विचारायची, बाई, मग काय? मी सांगायचे, मग गाणं. मग काय? मग चित्र. मग काय? मग जेवण, मग घरी, घरी आजी आहे. घरी आजी आहे हे ऐकलं की ती बेरजा करायला बसायची. मग मी रोज सकाळी सगळ्या वर्गाला हे आधीच सांगायला लागले. मला त्याला रूपरेषा म्हणतात हे माहीत नव्हतं. पुढे काय आहे याची ज्याला भीती वाटते त्याच्यासाठी ती असते. एकदा पाऊस आला आणि चित्राचे कागद भिजले. आने रडायला लागली. मी म्हटलं, चित्र उद्या, मी इथेच आहे. ती गप्प झाली. तेव्हा मला कळलं की तिला चित्र नको होतं.'

तीन तासांचा पेपर तिने पाऊण तासात संपवला आणि उरलेला वेळ सरांच्या डोक्यावर ओला रुमाल धरून बसली.

बोट धक्क्याला लागली तेव्हा बंदरावरच्या घड्याळात पाच वाजून गेले होते, आणि परीक्षेची वेळ संपायला तासभर होता, पण सगळ्यांचं लिहून झालं होतं. सगळे खाली उतरले. जमिनीवर पाय लागताच सरांच्या अंगात जीव आला, आणि त्याबरोबर शंकाही आली. बंदराचा अधिकारी चिरूट ओढत आला तेव्हा त्यांनी त्यालाच गाठलं.

"साहेब, एक विचारतो. ही बोट तासाभरापूर्वी समुद्रात होती, तेव्हा तिच्यावर कुठला वार होता?"

"कागदोपत्री?" अधिकाऱ्याने तानिएलूची नोंदवही चाळली. "बंदराच्या तोंडाशी येईतो अपियाचा. शनिवार."

"कप्तानाने मध्येच बदलला असला तर?"

"कप्तानाने त्याच्या भिंतीवर काय चिकटवलं याच्याशी मला घेणं नाही."

सर धक्क्यावरच्या लोखंडी खुंटावर बसले. त्यांनी अकरा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेतला. मग म्हणाले, "परीक्षा शनिवारी झाली. मी आता तीन वाजता परत जाऊ शकत नाही. सगळ्यांना शून्य."

कुणीतरी नाक ओढलं. मातालेनाला वाटलं होतं की असं काही झालं तर आपण कोसळू, पण तिला कोसळायला वेळच नव्हता. ती सरांसमोर जाऊन खाली बसली.

"वाचलंत का?"

"काय?"

"उत्तरं. न वाचता गुण द्यायचे नाहीत. आठवडा त्रेचाळिसावा. तुम्हीच शिकवलंत."

"बाई, शून्यच द्यायचं आहे तर—"

"शून्य द्या. पण वाचून द्या."

ते खरंच रूपरेषेत होतं. त्यांनी चष्मा लावला आणि वरचा कागद उचलला. तो तिचाच होता. शाई खाऱ्या पाण्याने पसरली होती. ते वाचत होते. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिसऱ्यांदा त्यांचे ओठ हलायला लागले, जणू चाल शोधताहेत, पण त्याला चाल लागत नव्हती.

"त्या मुलीचं पुढे काय झालं?" त्यांनी विचारलं.

"पाचवीत आहे. गणितात पहिली असते."

"आणि 'मग काय' विचारते अजून?"

"आता नाही विचारत," मातालेना म्हणाली. "मे महिन्यापासून मी विचारतेय, सर. रोज रात्री. मग काय, मग काय. तुमच्या कागदाने मला फेब्रुवारीत जेवढं निवांत केलं, तेवढंच मेपासून झोपू दिलं नाही."

सर उठले. ते पेनीपाशी गेले आणि त्याच्या पायाशी ठेवलेल्या गुंडाळीचा काथ्या सोडू लागले. गाठ सुटेना तेव्हा दातांनी सोडली. एक चटई काढली, धक्क्याच्या मधोमध, सगळ्यांच्या समोर, उन्हात मांडी घालून बसले, मान खाली घातली, आणि चटई डोक्यावरून ओढून घेतली.

हे काय ते तिथल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ज्याने मोठा अपराध केला तो दुखावलेल्या माणसाच्या दारात असा चटईखाली बसतो, आणि तिथली माणसं चटई उचलीत नाहीत तोवर उठत नाही. खून झाल्यावर बसतात. जमिनीचा तंटा हाताबाहेर गेल्यावर बसतात. रूपरेषेसाठी कुणी बसल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"कशाची माफी मागताहेत?" अधिकाऱ्याने दबल्या आवाजात विचारलं. त्याने चिरूट विझवला होता.

चटईतून आवाज आला. "मी शब्द दिला होता. तो मी मोडणार आहे. ज्यांना दिला त्यांनी परवानगी द्यावी, नाहीतर मला इथेच राहू द्यावं."

"सर, उठा ना," पेनी म्हणाला, आणि आज पहिल्यांदा त्याच्या आवाजात मस्करी नव्हती. "आम्ही कुठे काय म्हणतोय."

"तुम्ही अकरा जण ठरवा. मला बोलायला लावू नका. इथे बोलायचं नसतं."

"मग बोलताय कशाला," आकेनेसेबाई म्हणाल्या, पण पदर नसल्यामुळे त्यांनी टोपीच्या काठाने डोळे पुसले.

लगेच उचलली तर अपराधाला किंमत राहत नाही, आणि फार वेळ ठेवली तर म्हातारा उन्हाने भाजेल. अकरा जण घोळक्याने उभे राहून कुजबुजत ठरवू लागले. एकाचं म्हणणं घटकाभर ठेवावी, दुसऱ्याचं तेवढी नको. एकीने सुचवलं की एक स्तोत्र म्हणून होईतो ठेवू, ते बरं दिसेल. म्हणून ते उभ्या उभ्या गायले. वारा पडला होता, आणि त्या खोलगट बंदराच्या तिन्ही बाजूंच्या डोंगरांवरून त्यांचा आवाज परत येत होता, असा की पलीकडेही आपल्यासारखीच अकरा माणसं कुणाला तरी क्षमा करायला उभी आहेत असं वाटावं. दुसऱ्या कडव्यात चटईखालूनही सूर लागला. तो जरा चढा होता. मातालेनाने त्याला खालून हात दिला.

स्तोत्र संपल्यावर ती पुढे झाली आणि तिने चटई उचलली. सरांचा चेहरा घामाने आणि आसवांनी निथळत होता, आणि केसांत चटईचा भुसा अडकला होता. ती तो वेचू लागली तशी त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि लाल शाईचं पेन मागितलं.

मग ते तिथेच, मांडीवर कागद ठेवून, एकेक उत्तरपत्रिका तपासत राहिले. ऊन उतरलं. मातालेनाच्या बहिणीने घरून माशांचं कालवण आणलं, ते सगळ्यांनी धक्क्यावरच खाल्लं, अधिकाऱ्यानेसुद्धा. पेनी चोवीस गुणांनी उत्तीर्ण झाला आणि सांगत सुटला की त्याला बाविसाचीच आशा होती. मातालेनाचा कागद सर्वांत शेवटी तिच्या हाती आला. खाली लाल सही होती आणि तिच्यावर लिहिलं होतं: एकतीस, उत्तीर्ण.

तिने तो दोनदा वाचला. मग म्हणाली, "सर, नऊ कुठे गेले?"

"अक्षर वाईट आहे, बाई," फिलेमोनी सर निरफणसाचा तुकडा कालवणात बुडवत म्हणाले. "बोट हलत होती हे मान्य करूनसुद्धा वाईट आहे. पहिलीच्या पोरांनी हेच गिरवायचं ना?"

"हो," मातालेना म्हणाली. "फेब्रुवारीपासून."